शंभर वर्षांनी हे कोण उघडणार?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे विश्वस्त, अधीक्षक डॉक्टर, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या मॅडम, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री आणि यजमान, वॉर्डातल्या सिस्टर मंडळी, स्वयंपाकघर आणि धुलाई विभागातले माझे सोबती, आणि ड्यूटीवरून पाच मिनिटं निसटून दारात उभे असलेले आपण सगळे, सर्वांना माझा नमस्कार.

मी या मुलांच्या रुग्णालयाच्या वर्कशॉपचा फोरमन. छत्तीस वर्षं हातात पाना धरला, माईक आज पहिल्यांदा धरतोय. सकाळी निघताना बायकोने बजावलं, "निरोप त्यांचा आहे, स्वतःचं पुराण लावू नका." प्रयत्न करतो. पण मॅडमची गोष्ट सांगायची तर सुरुवात माझ्या एका उद्धट पत्राने होते, त्याला माझा इलाज नाही.

तेहेतीस वर्षांपूर्वी आपल्या बाह्यरुग्ण विभागात नवे बाक आले. लाटेसारखे वळणदार, कुठे खिळा दिसेल तर शपथ. त्यांचा आराखडा काढला होता एका तरुण डिझायनर बाईंनी. त्यांना बक्षीस मिळालं, मासिकात फोटो छापून आला. आम्हीही खूश होतो. नाही कशाला म्हणू?

सहा वर्षांनी त्यातला एक बाक मधोमध खचला. त्यावर एक आई बसली होती, मांडीवर चार महिन्यांचं बाळ. पडताना तिने बाळाला छातीशी आवळून धरलं, त्यामुळे त्याला ओरखडासुद्धा आला नाही. तिचं मात्र मनगट मोडलं. मी धावत गेलो. बाक उलटा केला, आणि काय पाहतो? सगळं आतून चिकटवलेलं. आत ओल गेलेली, लाकूड भुसभुशीत. दुरुस्त करायचं तर तोडण्यावाचून दुसरा मार्गच नाही.

मी तेव्हा साधा मिस्त्री. डोकं फिरलेलं. वरिष्ठांना न विचारता मी डिझायनर बाईंना पत्र टाकलं: "आपण केलेला बाक मला उघडता येत नाही. आपण येऊन उघडून दाखवावा." अधीक्षक साहेब, त्या वेळी मेमो मिळाला नव्हता, आता देऊ नका.

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी बाई, म्हणजे आपल्या मॅडम, स्वतः दारात. मी पेचकस पुढे केला. त्यांनी बाकाच्या चारही बाजूंनी हात फिरवला, खाली वाकून पाहिलं, आणि पेचकस मला परत दिला.

"नाही उघडत," त्या म्हणाल्या. "मी तसा विचारच केला नव्हता." बाक खचून एक आई पडल्याचं मी सांगितलं, तशा म्हणाल्या, "त्या बाईंना भेटता येईल?"

बाळ आजारी म्हणून दाखल होतं, त्यामुळे ती आईही अजून आपल्याकडेच होती. मॅडम तिच्या खाटेजवळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही पडलात तो बाक मी केला होता." ती आई प्लॅस्टरमधला हात सावरत म्हणाली, "असू द्या हो. दिसायला फार छान होता."

मंडळी, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेर आल्यावर मॅडम जिन्याच्या पायरीवर बसल्या. मीही जवळ उभा. पत्र लिहिल्याची मला थोडी लाज वाटायला लागली होती. एकदम त्यांनी विचारलं, "मिस्त्री, या इमारतीत सगळ्यात जुनी, अजून रोज चालणारी वस्तू कोणती?"

मी त्यांना धुलाई विभागात नेलं आणि चादरी वाहायची लाकडी गाडी दाखवली. पन्नास वर्षांची. एका पान्याने अख्खी सुटी होते. मॅडम सरळ जमिनीवर आडव्या झाल्या, चांगल्या साडीसकट, आणि गाडीखाली शिरल्या. तिथे प्रत्येक मिस्त्रीने दुरुस्तीची तारीख आणि काय बदललं ते पेन्सिलीने लिहून ठेवलेलं. त्यांनी एकूण एक ओळ वाचली. आत्ता मातोश्री हसताहेत. आई, ती साडी तुमची होती का?

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. मॅडमनी बाहेरची मोठी कामं सोडली आणि इथे नोकरी धरली. पाळणे, कपाटं, केसपेपर, खोल्यांच्या पाट्या, सगळं हळूहळू त्यांच्या हाताखालून गेलं. कोणी नवी वस्तू आणली की यांचा प्रश्न ठरलेला: "शंभर वर्षांनी हे कोण उघडणार?" त्यांना "शंभर वर्षं मॅडम" हे नाव एक्स-रे विभागाने ठेवलं. मी आज फक्त जाहीर करतोय.

आता एक गोष्ट सांगतो आणि मॅडमचा रोष ओढवून घेतो. या भाषणाची तयारी म्हणून मी विश्वस्तांच्या बैठकांची जुनी इतिवृत्तं चाळायला मागितली. सोळा वर्षांपूर्वी वर्कशॉप बंद करून दुरुस्तीची कामं बाहेर द्यायचं घाटत होतं. आम्ही अकरा जण घरी बसणार होतो. मग अचानक ते बारगळलं. आम्ही समजलो, आमच्या निवेदनाचा प्रभाव! आमच्यातल्या एकाने तर पेढे... असो, तोंड गोड केलं सगळ्यांचं. इतिवृत्तात वेगळंच निघालं. ज्या बैठकीत हा निर्णय व्हायचा होता, तिथेच मॅडमना संस्थेच्या सर्व रुग्णालयांचं प्रमुखपद देऊ केलं होतं. त्यांचं उत्तर तिथे नोंदवलं आहे: "मला हे पद नको. त्याऐवजी वर्कशॉप राहू द्यावं. वस्तू दुरुस्त करणारी माणसं गेली तर माझ्या कामाला काही अर्थ उरत नाही."

सोळा वर्षं आम्ही एका टेबलावर चहा प्यायलो. एका शब्दाने बोलल्या नाहीत. मॅडम, असं कुणी करतं का?

माझी वेळ संपत आली, अध्यक्ष महोदय खुणावताहेत. गेल्या महिन्यातला एक प्रसंग तेवढा सांगू द्या.

दीड वर्षापूर्वी मॅडमनी आपली खुर्ची नव्या डिझायनरबाईंना दिली आणि स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसल्या. म्हणायच्या, "मी असेपर्यंतच चुकून घे." गेल्या महिन्यात बैठकीत या नव्या बाई उठल्या. म्हणाल्या, "मॅडमनी वाट दाखवायला जमिनीवर आखलेल्या रंगीत पट्ट्या आता काढून टाकायला हव्यात. नवी इमारत जोडल्यापासून लोक त्या पट्ट्यांमागे जाऊन वाट चुकतात."

त्या पट्ट्या म्हणजे मॅडमचं सगळ्यात लाडकं काम.

मॅडमनी विचारलं, "किती जणांशी बोललीस?"

"दोनशे बारा. मी स्वतः त्यांच्यामागे चालले."

"मग मला कशाला विचारतेस? काढ."

एवढं बोलून त्या बाहेर पडल्या. मला वाटलं, जिव्हारी लागलं. मी मागोमाग गेलो. त्या नळावर तोंड धूत होत्या. डोळे लाल. मी म्हटलं, "मॅडम, पोरगी जरा जास्तच बोलली."

त्या माझ्याकडे पाहून हसल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, इतकी वर्षं मला एकच भीती होती. मी गेल्यावर हे लोक 'मॅडमनी केलंय' म्हणून काहीच बदलणार नाहीत. आज ती भीती गेली. आता मी घरी जायला मोकळी."

त्या पट्ट्या आम्ही परवा काढल्या. पहिली पट्टी खरवडायला मॅडम स्वतः बसल्या होत्या.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मान राखायला चुकलो असेन, तर मिस्त्री माणूस म्हणून पोटात घाला. आपण एवढा वेळ ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मॅडम, आपलेही. नमस्कार.