केविनच्या मानेचा एक्स-रे

बर्फावरून घसरायचा विषय निघालाय, तर अमेरिकेत ॲन आर्बरला भेटलेल्या केविनचं ऐका. एटीजमध्ये मी तिथे डॉक्टर होते, रेसिडेन्सी करत होते. हा इंग्लंडहून बहिणीकडे सुट्टीला आलेला आणि तिच्या घरापुढच्या ड्राइव्हवेवर घसरून पडला. मान दुखतेय म्हणाला, म्हणून एक्स-रे काढला. मी फिल्म लाइटवर लावली, तर काय! मानेचा दुसरा मणका मोडलेला होता, पण त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. म्हणजे मोडून कित्येक वर्षं झाली होती आणि हाड जुळलंच नव्हतं!

धावत जाऊन विचारलं, “तुम्ही काम काय करता?”

“प्रोफेशनल रग्बी लीग खेळतो. हेल्मेट नाही, पॅड्स नाहीत. धावत येणाऱ्याला अंगावर घेऊन पाडायचं.”

“मानेला कधी लागलं होतं?”

“सहा वर्षांपूर्वी. मसाज करून घेतला आणि पुढच्या शनिवारी खेळलो.”

सहा वर्षं! एक धक्का वेडावाकडा बसला असता, तर माणूस मैदानातच गेला असता. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं.

“म्हणजे माझं खेळणं संपलं?” म्हणत तो ताडकन उठायला लागला. मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि चक्क मराठीत किंचाळले, “अहो, हलू नका!”

पुढे ऑपरेशन होऊन तो बरा झाला, खेळ मात्र कायमचा सुटला. पण त्या क्षणी तो दगडासारखा थिजला होता. नुसते ओठ हलवत म्हणाला, “डॉक्टर, दर आठवड्याला समोरच्या टीमचे तेरा जण माझ्या अंगावर धावून यायचे. भीती आज पहिल्यांदा वाटली.”