जिन्याखालचा डबा

बाबा गेल्यावर त्यांचं इंटरनेट बंद करायला मी कंपनीच्या कार्यालयात गेले होते. रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते. खिडकीतली मुलगी त्यांचा अर्ज भरत होती.

“बंद का करताय आजोबा? स्पीड मिळत नाही?”

“अगं, या गावातली पहिली लाइन मीच जोडलीय. लाइनमन होतो. परदेशातून मुलाचं पत्र मिनिटात आलं, तेव्हा अख्खी गल्ली आमच्याकडे लोटली होती. बायकोने तर त्या कॉम्प्युटरला झबलं शिवलं, लेकराला शिवावं तसं!”

“मग आता काय झालं?”

“बायको शेवटच्या घटका मोजत होती. मुलगा स्क्रीनवर. नेमकी लाइन गेली. तो फोनवर ओरडतोय, ‘बाबा, काहीतरी करा, आई दिसत नाहीये!’ मी हाडाचा लाइनमन. धावत खाली गेलो, जिन्याखालचा लाइनचा डबा उघडला. दहा मिनिटांत जोडली.”

“दिसल्या ना त्याला?”

“दिसली. बोललीसुद्धा. मी वर पोहोचेपर्यंत संपलं होतं.”

“पण आजोबा, लाइन बंद केली तर मुलाशी बोलणार कसे?”

“रोज बोलतो तो. रोज तेच सांगतो, ‘आई शेवटी विचारत होती, हे कुठे गेले?’”

“…अर्जात कारण काय लिहू?”

“लिही, लाइनमध्ये काही दोष नाही.”