वळणाचा आकडा

माझा जन्म चाकणजवळचाच, वय एकोणपन्नास, सव्वीस वर्षं कंपनीत गिअर तपासतोय, मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस मी, काय सांगू तुम्हाला, बायको म्हणते तुम्ही भाकरीलाही मायक्रोमीटर लावाल. आकड्यात मी खोटं बोलत नाही, म्हणून आमच्याकडच्या मोटरसायकल रेसला स्टॉपवॉच माझ्याच हातात देतात.

किरण माझा धाकटा भाऊ, मोशीला गॅरेज आहे त्याचं, दीडशे सीसीच्या गटात अकरा वर्षं पळाला, सात वेळा पहिला आला. पण त्या गटाला मान कुठंय राव? त्यांची रेस सकाळी, मैदानावर पाण्याचा टँकर फिरत असतानाच उरकतात, जिंकला की शाल-नारळ, आणि दुपारी चारशे सीसीवाले उतरले की गर्दी काय, हलगी काय, जिंकणाऱ्याला फेटा. पोरं किरणला विचारायची, काय भाऊ, झाली का स्कूटीची रेस? तो हसायचा, आणि घरी येऊन जेवायचा नाही.

मी म्हणायचो, अरे, कसब लहान गाडीवरच दिसतं, वळणात चुकलं तर मोठ्याला इंजिन सांभाळून घेतं, तुला कोण घेणार? एवढं बोलून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मी मोजलं. लांब सरळ पट्टा संपतो त्या वळणाला, आत शिरताना एक आणि बाहेर पडताना एक, अशा चुन्याच्या रेघा मारल्या. चारशेचा विजेता चार पूर्णांक चार दशांश सेकंद, किरण चार पूर्णांक एक दशांश. कागदावर लिहून दिलं. त्यानं तो कागद गॅरेजच्या भिंतीला चिकटवला आणि मित्राची चारशे मागून मोठ्या गटात नाव घातलं.

आकडा खरा होता हो, पण ब्रेक त्या रेघेच्या आधीच मारावा लागतो. मोठी गाडी वळणावर येते तीच केवढ्या वेगानं, तो वेग उतरवायचा कसा, हे मी मोजलंच नव्हतं. चौथ्या फेरीत ब्रेक उशिरा लागला आणि गाडी त्याच्या मांडीवर.

आता मांडीत रॉड आहे, गुडघा वाकत नाही, डॉक्टर म्हणाले परत पडला तर पाय राहायचा नाही. आणि तो रोज एकच विचारतो, दादा, पडायच्या आधीच्या फेरीत वळण कितीचं होतं? त्याची बायको मनीषा दारात उभी राहून हात जोडते, सांगू नका, भाऊजी, सांगू नका. मी म्हणतो, बटण दाबायचं राहिलं. तो म्हणतो, तुझं? राहिलं? काल म्हणाला, म्हणजे मी लहान गटाचाच होतो म्हण की, आणि भिंतीकडं तोंड केलं. सांगितलं तर हा कुबडी टाकून गाडीवर बसेल, नाही सांगितलं तर असा पडल्या पडल्या संपेल, काय करू सांगा ना मला.

तुम्ही हे छापाल आणि तो वाचेल, तर एवढं लिहा, किरण, बटण मी दाबलं होतं, त्या वळणावर फेटा तुझा होता. आकडा मात्र घालू नका. आकडा दिला की तो भिंतीला चिकटवेल. गुडघा नाही वाकला तरी चालेल रे बाबा, तेवढा घरात राहा.