नणंदेचा क्रोटन

पालघरला दातांच्या दवाखान्यात उत्कर्षा दुखरी दाढ धरून बसली होती. शेजारी सातपाटीच्या साखरबाई आणि ठकी बोलत होत्या.

"नणंदेनं दिलेला रंगीत पानांचा क्रोटन मी आंब्याखाली ठेवला. सगळा हिरवा झाला."

"त्याला थोडं ऊन लागतं, साखरबाय."

"आता सांगतेस. ती बघायला येनार म्हनून मी होडीचा उरलेला लाल-पिवळा रंग लावला."

"पानांना?"

"एकेका पानाला. ती एवढी खूश झाली, की फांदी मागून दातिवऱ्याला आपल्या घरी घेऊन गेली."

"मग?"

"फांदी जगली ना. आता रोज फोन करून विचारते, नवी पानं हिरवीच का येतात."

उत्कर्षानं हसू दाबायला रुमाल तोंडाशी धरला. हसलं की दाढ ठणकत होती.

"तू काय सांगतेस?" ठकीनं विचारलं.

"सांगते, तुमच्या घरात माया कमी पडते."