लागला की मारला

श्रीनिवास : जन्मतारीख झाली, पत्ता झाला. जीपी कोण लिहू?

विष्णू : तोच, आपला जुना. लग्नानंतर फ्लॅट बदलला, डॉक्टर नाही बदलला.

श्रीनिवास : तो? काहीही झालं तरी पॅरासिटामोल घ्या म्हणणारा?

विष्णू : तोच. हात तुटून गेलो तरी तेच म्हणेल. लिही.

श्रीनिवास : इमर्जन्सी कॉन्टॅक्टला शिल्पा ना?

विष्णू : शिल्पाच. पण लगेच फोन करू नका म्हणून खाली लिही. नववा लागलाय तिला. मी तिला मॅच लांबलीय एवढंच सांगितलंय.

श्रीनिवास : तीन तास?

विष्णू : बेसबॉल किती वेळ चालतो हे तिला कुठे माहितीय. मलाही माहीत नव्हतं. पुढचं विचार.

श्रीनिवास : पुढचं... ‘दुखापत कशी झाली?’ असं आहे.

विष्णू : मग लिही.

श्रीनिवास : काय लिहू?

विष्णू : माझ्या हाताला लिहिता येत असतं तर मी लिहिलं असतं. खेळतो डावखुरा, लिहितो उजव्याने, आणि नेमका उजवाच गेला. आता तूच लिही. टाकलास पण तूच.

श्रीनिवास : ‘बेसबॉल खेळताना कोपराला बॉल लागला.’ बरोबर?

विष्णू : लागला.

श्रीनिवास : हो.

विष्णू : लागला की मारला?

श्रीनिवास : इंग्लिशमध्ये काय फरक पडून राहिला? ‘हिट बाय बॉल.’ दोन्हीला तेच.

विष्णू : म्हणून तर मी तुला मराठीत विचारतोय.

(मेडनहेडपासून वीस मिनिटांवरच्या इस्पितळातला ए अँड ई, म्हणजे तातडीच्या उपचारांचा विभाग. २००७ सालच्या जुलैतला रविवार, दुपारचे चार. दोघंही मातीने भरलेल्या खेळाच्या कपड्यांत. एकाच्या टी-शर्टवर एका कंपनीचं नाव, दुसऱ्याच्या टी-शर्टवर दुसऱ्या कंपनीचं. विष्णूचा उजवा हात झोळीत. श्रीनिवासने मांडीवरच्या फॉर्मवर पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. नागपूरला कॉलेजच्या मैदानावर त्याचा बॉल कोणाला लागला तर तो सगळ्यांच्या आधी धावत जायचा, ‘जास्त नाही ना लागलं बे’ म्हणत. आज त्याने पाऊल उचललं नव्हतं, आणि ते त्याच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.)

श्रीनिवास : हात घसरला बे. घाम आला होता.

विष्णू : अठरा डिग्रीत घाम.

श्रीनिवास : आणि बॉलही नवा दिला होता त्यांनी, गुळगुळीत.

विष्णू : घाम की नवा बॉल, एक काहीतरी धर. दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये काढली आपण. खोटं बोलायचं असलं की तू दोन-दोन कारणं देतोस. माझं श्रीखंड संपवलंस तेव्हा फ्रिज बंद पडला होता आणि वर तुझ्या पोटातही दुखत होतं.

श्रीनिवास : विष्णू, सोड ना.

विष्णू : सोडतो. नेम चुकला म्हण, सोडतो. आमच्या पिचरने तुझ्या साहेबाच्या, कीथच्या पाठीत बॉल मारला. तुमची फिल्डिंग आली, आणि तुझा पहिलाच बॉल माझ्या अंगावर. मला बेसबॉल कळत नाही, पण एवढंही कळत नाही असं नाही.

श्रीनिवास : तुमच्यावाल्याने मुद्दाम मारला कीथला.

विष्णू : माहितीय. आधी कीथने एक लांब हाणला आणि आमच्या पिचरसमोर हळूहळू, मिरवत चक्कर मारली. तसं मिरवायचं नसतं म्हणे.

श्रीनिवास : नसतंच. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. त्यांनी आमचा एक मारला की आम्ही त्यांचा एक मारायचा. डोक्यावर नाही, मांडीवर, बरगडीत, पाठीत. मग दोन्हीकडे गप्प. ज्याला लागला त्याने चोळायचंसुद्धा नाही. आणि टाकणाऱ्याने सॉरी म्हणायचं नाही.

विष्णू : या देशात? बसमध्ये आपण यांच्या पायावर पाय दिला तरी हेच सॉरी म्हणतात.

श्रीनिवास : कीथ तीन वर्षं बॉस्टनला राहून आला. तिथून घेऊन आला सगळं.

विष्णू : लोक चॉकलेटं आणतात.

श्रीनिवास : हसू नको, बे. मला काही हसू नाही येऊन राहिलं.

विष्णू : मलाही नाही येत. हसलो की कोपरात कळ येते. कीथ काय म्हणाला तुला?

श्रीनिवास : बॉल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘नेक्स्ट गाय, ऑर द वन आफ्टर.’ पुढचा किंवा त्याच्या पुढचा, कोणताही चालेल. एवढंच.

विष्णू : आणि तुझ्या वर्क परमिटचं लेटर कोण देतं?

श्रीनिवास : कीथच. सप्टेंबरमध्ये संपून राहिलं.

विष्णू : म्हणजे लेटर पाहिजे तर मार, असं.

श्रीनिवास : नाही रे. लेटरचं नावही नाही काढलं त्याने. मीच काढलं, मनातल्या मनात. त्याने तोंडाने सांगितलं असतं तर त्याला नाही तरी म्हणता आलं असतं.

विष्णू : तुला नाही म्हणता येत नाही, श्री. मी ओळखतो ना तुला. शनिवारी सुटी असून ऑफिसात जाणारा माणूस तू.

श्रीनिवास : मांडीवर टाकायचा होता. आईशपथ, विष्णू. दोन दिवस काळंनिळं झालं असतं, बस. पण पन्नासेक बॉल टाकून खांदा गेला होता माझा. हातातून सुटला तोच वर.

विष्णू : म्हणजे मारला.

श्रीनिवास : हं.

विष्णू : बरं.

श्रीनिवास : शिव्या घाल. असा ‘बरं’ म्हणून बसू नको.

विष्णू : दमलोय मी. शिव्या घालायलाही जीव लागतो. तुला माहितीय का, आईचा व्हिसा नाकारला.

श्रीनिवास : काकूंचा? कधी?

विष्णू : गुरुवारी. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या येऊ शकत नाहीत. म्हणजे बाळंतपण मीच करणार. मी आणि ते इंटरनेट. बाळंतपणाच्या क्लासमध्ये मिडवाइफने एक रबरी बाहुली दिली होती, तिला टबात आंघोळ घालायला शिकलो. एक हात मानेखाली धरायचा आणि दुसऱ्याने पाणी घालायचं. चार वेळा बुडवली मी तिला. पाचव्यांदा जमलं. सगळ्या गोऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

श्रीनिवास : मी येतो ना. रोज येतो, ऑफिस सुटलं की.

विष्णू : येऊन काय करशील?

श्रीनिवास : स्वयंपाक करीन.

विष्णू : तुझी खिचडी दोन वर्षं खाल्लीय मी. बाळंतिणीला ती देणार? ती उठून माहेरी जाईल, तेही पायी.

श्रीनिवास : भांडी घासीन. कपडे धुईन. लंगोट धुईन, विष्णू. सांगशील ते करीन.

विष्णू : आणि रात्री तीनला ते रडलं तर? त्याला उचलणार कोण? तिला टाके असले तर? सहा आठवडे प्लास्टर म्हणाली ती नर्स, फ्रॅक्चर असलं तर. मघाशी तिने माझं बोट हलवून बघितलं तेव्हा मला माझ्या हाताचं काही वाटलं नाही. पहिला विचार आला, पोरगं कोणत्या हातात घेऊ.

(श्रीनिवासने टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले.)

विष्णू : रडू नकोस. लोक बघतायत. त्यांना वाटेल तुलाच लागलंय.

श्रीनिवास : नाही रडून राहिलो.

विष्णू : मला राग बॉलचा नाही, खरं सांगू का. खाली बसलो ना मी, डोळ्यांपुढे काजवे. वर बघितलं तर सगळ्यांत आधी कोण आलं? तुझा कीथ. बर्फाची पिशवी घेऊन. म्हणाला, ‘नो हार्ड फीलिंग्ज, मेट. ऑल स्क्वेअर नाऊ.’ फिट्टंफाट, म्हणे. आणि तू तिथेच उभा. ग्लोव्हमध्ये बघत. काय होतं त्या ग्लोव्हमध्ये?

श्रीनिवास : काही नाही. यायचं नसतं टाकणाऱ्याने.

विष्णू : कुठे लिहिलंय?

श्रीनिवास : कुठेच नाही.

विष्णू : तू आला असतास तर कीथने काय केलं असतं? चार लोक हसले असते. बस.

श्रीनिवास : माहीत आहे.

विष्णू : एक विचारू? खरं सांगशील?

श्रीनिवास : आता खोटं बोलायला उरलं काय?

विष्णू : पुढचा किंवा त्याच्या पुढचा, म्हणाला ना तो. माझ्यानंतर कोण होता?

श्रीनिवास : तो लाल दाढीवाला.

विष्णू : केवढी मांडी त्याची. डोळे मिटून टाकला असतास तरी लागला असता. मग मी का?

श्रीनिवास : विष्णू...

विष्णू : खरं सांगेन म्हणालास.

श्रीनिवास : तो गप्प नसता बसला. लीगला लिहिलं असतं त्याने, आमच्या एचआरला लिहिलं असतं. मुद्दाम मारला म्हणून बोभाटा केला असता. मग कीथ म्हणाला असता, मी कुठे सांगितलं याला? आणि मी मधल्यामध्ये गेलो असतो. तू तसं नाही करणार. तू आपला माणूस. संध्याकाळी तुझ्या घरी आलो असतो, सांगून टाकलं असतं. तू दोन ठेवून दिल्या असत्या. शिल्पाने चहा केला असता. मिटलं असतं.

विष्णू : आपला म्हणून.

श्रीनिवास : हो.

विष्णू : म्हणजे परका असतो तर वाचलो असतो.

श्रीनिवास : असं नको म्हणू ना.

विष्णू : मी नाही म्हणत. तूच म्हणालास आत्ता, जरा लांबण लावून.

श्रीनिवास : चुकलो मी. ते लेटर गेलं चुलीत. उद्या कीथला सांगतो, खेळणार नाही म्हणून.

विष्णू : सांग नाहीतर नको सांगू. परमिट घालवून बसू नकोस, त्याने माझं हाड जुळणार नाही. तुझ्या घरी पैसे पोचायला हवेत, मला माहितीय ते. एकच कर. शिल्पाला तू सांगायचंस.

श्रीनिवास : मी?

विष्णू : मी सांगणार नाही. मी सांगितलं तर मी तुला सांभाळून घेईन. सवय आहे मला.

श्रीनिवास : दार तरी उघडेल का ती मला?

विष्णू : उघडेल. तिला अजून काही माहीत नाही ना. फॉर्म झाला का? ती काउंटरवरची बाई माझ्याकडेच बघतेय बहुतेक.

श्रीनिवास : झाला. तेवढं एक राहिलं होतं, तेही लिहिलं.

विष्णू : काय लिहिलंस? वाच.

श्रीनिवास : ‘अ फ्रेंड थ्रू द बॉल ॲट हिम.’ मित्राने बॉल अंगावर मारला.

विष्णू : इस्पितळाला काय करायचंय रे त्याचं? हाड आहे ते, कोर्ट नाही. खोड आणि ‘हिट बाय बॉल’ लिही.

श्रीनिवास : राहू दे. एका तरी कागदावर असू दे.

विष्णू : तुझी मर्जी. बघ, तीच. मलाच बोलावतेय. ते जाकीट घे माझं. आणि जरा उठव मला, डाव्या बाजूने.

श्रीनिवास : सावकाश. इथे धर. आता टेक माझ्यावर.

विष्णू : श्री, तुला म्हणून सांगतो. मला दिसला होता तो.

श्रीनिवास : कोण?

विष्णू : बॉल. तुझ्या हातातून सुटला तेव्हाच दिसला, अंगावर येतोय म्हणून. बाजूला व्हायला वेळ होता. तुमचा दुसरा कुणी पिचर असता तर मी केव्हाच मातीत आडवा झालो असतो.

श्रीनिवास : मग हलला काहून नाही बे?

विष्णू : तू टाकत होतास.