लेकराईच्या आधी मी पाह्यते

माहं माहेर लोहाऱ्याचं, यवतमाळले लागूनच हाये ते, माहा बाप तिथं एका कारखान्यात हमालीले होता, पन घरात बाबासाहेबाच्या फोटोखाली आमा बहिणीची पुस्तकं राहत, तिथं दुसरं काही ठेवू देत नोहता तो. त्याच्यामुळंच बारावी झाली. मंग लग्न होऊन बाभुळगावच्या अलीकडं या खेड्यात आली, अंगनवाडी सेविकेची जागा निघाली, फॉर्म भरला, लागली. आता गावात ज्या माया लेकरू कडेवर घेऊन येतात ना, त्यातल्या कितीक जनी माह्याच अंगनवाडीतली खिचडी खाऊन मोठ्या झाल्या. सविता बी त्यातलीच. तिची पोरगी खुशी, चार वर्साची. तिचंच सांगाचं हाये मले, बाकीचं कायले सांगत बसू तुमाले.

आमाले हापिसातून फोन भेटला, लेकराईचं वजन-उंची भरासाठी. मंग एक दिवस वरच्या मॅडम आल्या, म्हने ताई, लेकराईले फोनवर गोष्टी-गानी दाखवत जा, साईटी लय हायेत, चांगल्या तुमी निवडा. तुमी निवडा म्हनलं अन् गाडीवर बसून गेल्या. आता काय सांगू तुमाले, मले तांदूळ निवडता येते, साईट कशी निवडू? पन बसली बाप्पा, इमानदारीनं बसली, एक वही केली. एका साईटवर चित्रात रंग भराचे होते, वाघाले निळा रंग देल्ला तरी ते साईट काही म्हने नाही, मले लय आवडली, लिहून घेतली. एकीवर अक्षर गिरवाचं होतं, चुकलं का भोंगा वाजे. खोडून टाकली. लहानसं लेकरू चुकलं तं भोंगा कायले वाजवाचा? अन् एक होती गोष्टीची, गुलाबी फ्राकवाली बाहुली, मराठीत बोलते, हात धुवा म्हनते, दात घासा म्हनते. मी तिच्या दोन गोष्टी पाह्यल्या अन् वहीत लिहून टाकलं, चांगली. दोनच पाह्यल्या मी. दोन चांगल्या निंघाल्या म्हनून सगळ्याच चांगल्या, असं धरून चालली.

मंग वजनाचा दिवस आला. वजनाच्या दिवशी लेकरं काट्यावर बसता बसत नाही, एक रडलं का सगळे रडते, म्हनून मी फोन पोषाहाराच्या डब्याले टेकवला अन् बाहुली लावून देल्ली. एक गोष्ट संपली का दुसरी आपल्या आपनच सुरू होते हे मले माईत होतं हो, नाही कशी म्हनू, पन मले वाटे बाहुलीच तं हाये ना. मी तिकडं पाठ करून वजनं घेऊन राह्यली होती. मांगून लेकरं खिदळून राह्यली होती. मी म्हनलं बरं झालं, रमली. मदतनीस बाईले बी तसंच बोलली मी, पाहा, कशी रमली.

त्याच दिवशी दुपारी, अंगनवाडी सुटल्यावर, सविता पळत आली. बाई, खुशी तुमच्याकडं हाये का? नाही वं, कवाचीच गेली. मंग जे सुरू झालं ते काय सांगू. कापूस वेचनीचे दिवस, अर्धं गाव वावरात, घरी होते ते म्हातारे अन् दोन-चार मानसं. न्हानीत पाह्यलं, गोठ्यात पाह्यलं, शाळेच्या मांगं पाह्यलं. सविता खुशी वं, खुशी वं करत फिरे, तिचा आवाज फाटून गेल्ता. गावाच्या कडेले एक विहीर हाये, तिले कठडा नाही. मानसाईनं तिच्यात गळ सोडला. गळ सोडला ते पाह्यलं अन् सविता मटकन खालीच बसली.

मी तिथंच उभी होती, अन् अंगनवाडीतली एक पोरगी माहा पदर ओढून म्हने, बाई, खुशी बाहुलीसारखी लपली असन. म्हनलं कोनती बाहुली? फोनातली, म्हने, माय हाक मारन तं बोलाचं नाही, हलाचं नाही, बोललं तं हारलं. माय वं! मी फोन काढला. थे बाहुलीची तिसरी गोष्ट होती, मी न पाह्यलेली. थोच फ्राक, थोच गोड आवाज. बाहुली गाद्याईच्या ढिगात शिरते, वरून अंगावर ओढून घेते, तिची माय रडत रडत हाका मारते, अन् बाहुली तोंडावर बोट ठेवून हासते. विहिरीवर मानसं ओरडून राह्यले होते, अन् मी फोन पाहून राह्यली होती. एक जन मले म्हने बी, बाई, लाज वाटते का नाही, पोरगी सापडत नाही अन् तुमी फोन पाहता? मले शेवट पाहाचा होता. बाहुली बाहेर कवा येते, कशानं येते, थे मले पाहाचं होतं. शेवटी थे माय म्हनते, तू जिंकली. तवा येते.

गाद्याईसारखा मऊ ढीग म्हनलं तं कापसाचाच, पळाली मी. सविताच्या घरी आतल्या खोलीत कापूस भरून होता, पार आड्यापर्यंत, आमच्याकडं भाव येईस्तोवर तसाच घरात ठेवते. तिथं सविता तीनदा हाका मारून गेल्ती. मी दारात उभी राहून म्हनलं, खुशी, तू जिंकली! काहीच नाही. अजून म्हनलं, जोरात, तू जिंकली वं बाई, बाहेर ये! अन् कोपऱ्यात खाली थोडासा कापूस हालला. मी अन् मदतनीस बाईनं दोन्ही हातानं कापूस उपसला. पोरगी घामानं वली चिंब, तोंडात कापूस, नाकात कापूस, ओठ काळेनिळे पडलेले. बाहेर आनली, पानी मारलं, पाठ चोळली. डोळे उघडले अन् मले म्हनते कशी, बाई, मी बोललीच नाही.

आता पुढचं आयका. सारं गाव म्हने, बाई होत्या म्हनून पोरगी वाचली. सविता माह्या पायावर पडली. अन् मी तिले उचललं, पन फोनातल्या गोष्टीचं सांगतलं नाही. दोन दिवस मी चूप राह्यली. घरचे म्हने कायले बोलतं, नोकरी जाईन, पोरगी भेटली ना? मले बी तसंच वाटे, खोटं कायले बोलू. पन सविता तिसऱ्या दिवशी पुरनपोळी घेऊन आली, माह्यासाठी केली म्हने. थे पोळी काही माह्यानं खाल्ली गेली नाही. मी सगळ्या मायाईले बोलावलं, फोन मधात ठेवला, गोष्ट लावली, अन् सांगतलं का हे मी लावून देल्ली होती, न पाहता. सविता उठली, खुशीले उचललं अन् चालली गेली.

मले वाटलं आता बाकीच्या बी जातीन. पन नातवाले घेऊन आलेली एक म्हातारी आजी होती बसलेली, ते म्हने, बाई, खिचडी शिजली का आधी तुमी चाखता, मंग एखादी माय चाखते, वहीत सही करते, मंग लेकराच्या ताटात पडते. हे काहून नाही चाखत? आता पाहा, इतकी वर्स मी थे चवीची वही भरून राह्यली अन् मले सुचलं नाही.

तवापासून शनिवारी दोन माया माह्यासंग बसते. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाह्यतो, जाहिरात बी पाह्यतो, अन् संपल्यावर पुढं काय सुरू होते थे बी पाह्यतो. लेकरू घरी जाऊन अस्संच करन तं चालन का, एवढंच इचारतो. भांडनं बी होतात, एकीले ससा आवडते तं दुसरी म्हनते थो ससा मायले उलटून बोलते. दोघीनं हो म्हनलं तं सही. सही झाली तेवढंच फोनात उतरवून घेते, लेकराईले दाखवाच्या आधी नेट बंद करते, अन् पाठ करून बसत नाही. मॅडमले बी सारं सांगतलं, त्याईनं कागद लिहून घेतला, पुढं काही झालं तं होईन.

सवितानं महिनाभर पोरगी पाठवली नाही. मंग खुशीच्या आजीच्या हाती पाठवू लागली. खुशी अजून बी दार लावलेल्या खोलीत राहत नाही, झोपतानी तोंडावर पांघरून घेत नाही. थे माह्यामुळं झालं, थे काही पुसल्या जात नाही. सविता रस्त्यात भेटे तं मान खाली घालून जाय.

मांगच्या आठवड्यात थे अंगनवाडीच्या दारात आली. हातात घरचा फोन. म्हने, खुशीच्या बापानं यात काय काय भरून देल्लं, पोरगी दिवसभर पाहते, तुमी पाहून द्या, चांगलं तेवढं ठेवा. माह्या डोळ्यात पानीच आलं. म्हनलं, सविता, भरोसा हाये का वं माह्यावर? थे म्हने, भरोसा नाही बाई. पन तुमी आपल्या तोंडानं सांगतलं होतं.

पोरीचं मंगल हो, दुसरं काय मांगू मी. फोन घेतला अन् म्हनलं, आज नाही भेटाचा, सगळं पाहाले दोन-तीन दिवस लागतीन.

थे म्हने, लागू द्या.