सविता माझी पार्टनर

शेवगावला मी इंग्रजीच्या क्लासला जाते, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझी धाकटी जाऊ सविताही तिथं यायची, हे मी कुणाला बोलले नव्हते. घरात चुली वेगळ्या झाल्यापासून आमचं बोलणंच बंद होतं.

एकदा मॅडम म्हणाल्या, "आज टीम बिल्डिंगचा गेम. एकीच्या डोळ्यांवर पट्टी, दुसरीनं इंग्रजीत रस्ता सांगायचा. मराठी बोललं की जोडी बाद." चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी आमचीच जोडी निघाली!

पट्टी मला बांधली. वाटेत खुर्च्या मांडलेल्या. सविता कोरड्या आवाजात सांगत होती, "गो स्ट्रेट... लेफ्ट... स्टॉप." पण एकदाही मला धडकू दिलं नाही हो तिनं. शेवटच्या खुर्चीत माझा पदर अडकला आणि तोल गेला. तशी ती ओरडली, "ताई, जपून! लागलं का?"

मी 'न्हाई गं' म्हणणार, तोच मॅडमनी टाळी वाजवली. "मराठी! जोडी बाद!"

सगळ्या हसल्या. मी पट्टी सोडेपर्यंत सविता मान खाली घालून बाकावर जाऊन बसली होती.

घरी जाताना रस्ता एकच. ती पुढं, मी मागं. हाक मारावी असं फार वाटलं, पण तोंड उघडलंच नाही. तिनंही वळून पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून तिनं क्लास सोडला. मॅडमनी मला विचारलं, "व्हेअर इज युवर पार्टनर?"

भिंतीपलीकडे राहते ती. मी म्हटलं, "आय डोन्ट नो."